विचारणारा वडील समजावा

२ जानेवारी २०२६

आजपासून आमच्या विवाह मंडळात लोक फोनवरून साध्या मराठीत विचारणार आणि एआय त्याची क्वेरी लिहिणार! ‘उंच, शिकलेली, भुसावळच्या अलीकडची मुलगी’ एवढं लिहिलं की ते डेटाबेसला कळेल अशा भाषेत करून देतं. मी फक्त प्रत्येक क्वेरी नजरेखालून घालून पुढे सोडायची. दिवसभर जळगावच्या या खोलीत बसून लोकांच्या इच्छा वाचत होते. एका मुलीच्या आईनं विचारलं — ‘घरात मांजर चालेल असा मुलगा.’ आमच्याकडे मांजराचा रकाना नाही. एआयनं नसलेल्या रकान्यावर बिनदिक्कत क्वेरी लिहिली! मी ती चालवली नाही, पण बराच वेळ बघत बसले. असा रकाना असायला हवा होता.

५ जानेवारी

वरणगावच्या बसमध्ये डोळा लागला. स्वप्नात केळीचे मळे, पानापानावर कुणाचा तरी प्रश्न. मी माझा शोधत होते. मग वरणगाव आलं.

घरी नाना मेथी निवडत बसलेले. आई गेल्यापासून ते काम त्यांचं. धुळ्याहून कुंदनच्या घरचा पुन्हा फोन — लग्नाला हो की नाही ते संक्रांतीपर्यंत कळवा. कुंदन मला आवडतो. इथे तरी स्पष्ट लिहिते. पण मी धुळ्याला गेले की नाना संध्याकाळी बोलणार कोणाशी, भिंतीशी? ‘बापाचं निमित्त करू नको, ऋतिका,’ म्हणाले आणि रागाच्या भरात मेथीच्या काड्यासुद्धा भाजीत टाकल्या.

८ जानेवारी

हसून हसून पोट दुखलं. पारोळ्याचे तोताराम आबा मुलाचं लग्न जमवायला कार्यालयात आले. आपल्या रीतीप्रमाणे त्यांनी आधी स्वतःचंच सगळं लिहिलं — नाव, वय बासष्ट, कापूस, ट्रॅक्टर — आणि शेवटी, ‘सोयरीक पाहिजे.’ मुलाचं नावसुद्धा नाही! एआयनं आबांनाच नवरदेव धरलं आणि पुनर्विवाहाच्या यादीतून पंचावन्नच्या पुढच्या बायका निवडल्या. मीही ती क्वेरी घाईत पुढे सोडली.

आबा घाबरलेच. ‘मी मना पोऱ्याकरता पोर देखी ऱ्हायनू, बेटा. ह्या बठ्ठ्या बाया कोनाकरता शेतस?’ शेजारी त्यांच्या पत्नी, अक्का, एकेक फोटो निरखून बघत होत्या.

९ जानेवारी

एआयच्या सूचनांत एक ओळ घातली — ‘विचारणारा वडील समजावा. स्थळ त्याच्या मुलासाठी किंवा मुलीसाठी शोधावे.’ आता सुरळीत चाललंय. आपल्यात स्वतःसाठी विचारतं कोण?

१० जानेवारी

दिवसभर धुकं. काही सुचलं नाही.

१२ जानेवारी

कुंदनला फोन करून ‘नाही’ म्हणून सांगितलं. तो म्हणाला, ‘नानांना धुळ्याला आणू.’ नाना यायचे नाहीत. रिटायर झाले तरी कारखान्याच्या भोंग्याबरोबर चहा ठेवणारा माणूस! तसं सांगितलं. कुंदन म्हणाला, ‘संक्रांत व्हायची आहे अजून. तोवर मी हे ऐकलंच नाही.’

फोन ठेवल्यावर खूप रडले. त्याला हवं ते मलाही हवं आहे, आणि तरी मी नाहीच म्हणाले.

१३ जानेवारी

सकाळी एक क्वेरी आली. सत्तावीस वर्षांच्या मुलीसाठी जावई शोधणारी. सोडणार होते, तेवढ्यात वरचा मूळ प्रश्न वाचला.

‘वय एकसष्ट. पत्नी वारली. संध्याकाळी बोलायला कोणीतरी पाहिजे. मुलगी सत्तावीसची, माझ्यापायी अडली आहे. तिला सांगू नका.’

नंबर नानांचा.

सूचनांतली ती ओळ पुसली. क्वेरी पुन्हा लिहून घेतली. तीन बायकांची नावं आली — दोन भुसावळची, एक यावलचं. नानांना पाठवून दिली. मग कुंदनला फोन लावला.