घोसाळ्याच्या मांडवातली काठी

तिसगाव,
१८ जुलै २०२५

ति. दादास,
धाकट्या मनकर्णेचा नमस्कार.

इकडं सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, पण यंदा इकडं ठीकच्या बरंच वर आहे. आखितीला परसात आळी करून बिया टोचल्या, एकही आळं रिकामं गेलं नाही. भेंडी, गवार, काळी वांगी, घोसाळी, काय म्हणशील ते. आळीतल्या बाया बाजाराला निघतात आणि माझ्या कुंपणाशीच थबकतात. शेजारची बनुबाई म्हणते, "मने, तुझ्या हाताला लई गुन हाय." मी म्हणते, गुण हाताला नाही, मोरीच्या पाण्याला आहे, तूही वळव तुझं पाणी परसात. पण ऐकेल ती बनुबाई कसली.

फोन केला की तू तो सुरेखावहिनींच्या हातात देतोस आणि गोठ्यात निघून जातोस. म्हणून कागद लिहिते आहे. वर नाव तुझं घातलंय, तेव्हा तूच वाच.

मातीच्या परळात पाणी भरून ठेवते, त्यावर सातभाई येतात. सगळे मिळून कचाकचा भांडतात आणि पुन्हा एकाच फांदीवर अंगाला अंग लावून बसतात. ह्यांना म्हटलं, बघा, पाखरांना जमतं. हे म्हणाले, मला कशाला ऐकवतेस, शेवगावला भावाला कळव. मग कळवलं.

आणि धामण आहे. तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. त्याच सरपणाखाली आहे, अंगानं भरली आहे. सरपणातले, न्हाणीमागचे सगळे उंदीर तिनं संपवले. ह्या बाबतीत मी गेल्या वर्षी जे म्हणाले तेच आजही म्हणते.

पण तुझ्या बोलण्याचं काय करू ते मला अजून कळलेलं नाही. नागचतुर्थी होती. भावासाठी धरतात तो उपवास होता माझा, म्हणजे तुझ्यासाठीच उपाशी होते. तू मला पंचमीला माहेरी न्यायला आलेलास. परसात हात धुवायला गेलास, धामण दिसली आणि तू काठी उगारलीस. मी मध्ये उभी राहिले. म्हटलं, आजच्या दिवशी माझ्या दारात तिच्यावर काठी पडणार नाही. सगळी आळी जमली होती. तू म्हणालास, "सापच तुझा भाऊ असंल तर त्यालाच ववाळ." काठी फेकलीस आणि तसाच एसटीला गेलास. चहासुद्धा घेतला नाहीस.

भाऊबीजेला मी पाट मांडला होता. अंधार पडला तशी बनुबाई म्हणाली, "चंद्राला ववाळ गं, चालतंय." मी म्हटलं, भाऊ नसेल तिनं चंद्राला ओवाळावं, माझा भाऊ शेवगावात धडधाकट बसलाय. तबक उचलून ठेवलं. त्या दिवशी जेवण गेलं नाही, एवढंच लिहिते.

दादा, तू काठी का उगारलीस ते मला ठाऊक होतं. आईचं नाव त्या दिवशी तूही घेतलं नाहीस, मीही नाही. उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत, जमिनीवर निजलेल्या आईला मण्यार चावली. तू तिला पाठीवर घेऊन पळालास आणि मी कंदील धरून तुझ्यामागं. दवाखाना यायच्या आत तिचं डोकं तुझ्या खांद्यावरून घसरलं, ते मीही पाहिलं. तेव्हापासून नुसती दोरी दिसली तरी तुझा हात काठीकडं जातो. माझाही जायचा.

पण मी पुष्कळ विचार केलाय. कोपीत बाजरीच्या पोत्याला उंदीर लागले होते. मण्यार त्यांच्यामागं आली होती, आई वाटेत निजली होती. उंदीर खाणारी बिनविषारी धामण दारात आहे, तर ती मी का हाकलू? तिला मी हात लावत नाही, लांबून बघते. निजते बाजेवर, मच्छरदाणी खोचून, बॅटरी उशाशी ठेवून. आई गेली तिथूनच मी हे शिकले. तुझ्याशी भांडले ते आईला विसरून नाही.

परवा वहिनींनी एक गोष्ट सांगितली, त्यांच्यावर चिडू नकोस. तुझ्या गोठ्यात कडब्याखालून धामण निघाली. तू दांडकं उचललंस, तसाच उभा राहिलास, मग ते खाली ठेवून म्हणालास, "जाऊ द्या तिला, उंदराच्या मागं असंल." ऐकलं आणि मी गॅसपुढं उभ्या उभ्या रडले. भाकरी करपली. ह्यांनी तीच खाल्ली.

अठ्ठावीसला चतुर्थी आहे. पंचमी यंदा इथंच कर, वहिनींनाही आण. पुरणाची दिंडं वाफवते, तुला तूप जास्त लागतं ते माझ्या लक्षात आहे. माहेरी मला नंतर ने.

तुझी काठी मी टाकून दिलेली नाही. मांडवाला मेढ कमी पडत होती, तिथं रोवली. आता तिच्यावर घोसाळ्याचा वेल चढलाय आणि पानं जोडून शिंपी पाखरांनी घरटं शिवलंय. कुंपणावर आईची गोधडी वाळत होती, तिचाच दोरा ओढून नेला त्यांनी, मी बघत होते. आत पिल्लं आहेत. तेव्हा आल्या आल्या काठी मागू नकोस. पिल्लं उडेपर्यंत ती निघायची नाही आणि तोवर तुलाही मी जाऊ द्यायची नाही.

चतुर्थीला तुझ्यासाठीच उपाशी असणारी,
मनकर्णा