गरम कॉफीनंतरची चार मिनिटं

ती. अक्का, कुंभकोणमहून तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

कुणाकडे न शिकता मी भजनमठाची जुनी पेटी सुरात आणली, आणि माझी दाढही वाचली! गरम कॉफीनंतर तिची कळ चार मिनिटं टिकायची. घड्याळ लावून मोजली होती. दंतवैद्य मधुमिताबाईंना ठामपणे सांगितलं, “वरची आहे, उपटा.” त्यांनी एकेक दाढ ठोकून पाहिली. खालची ठोकताच मी ओरडलो.

“पेटीवाले, सूर चुकला!” त्या हसल्या. “कळ रेंगाळते, म्हणजे आतली नस बिघडलीय. रूट कॅनल करू, दाढ राहील.”

आता त्याच दाढेनं मुरुक्कू, म्हणजे इथली कडक चकली, चावतो.

तूही चहानंतर गाल धरून बसतेस ना? उपटतील या भीतीनं लवंगेवर दिवस काढू नकोस. उद्याच दाखव. कुठली दाढ, ते मात्र डॉक्टरांना ठरवू दे.

तुझाच,
सदानंद