पोकरमध्ये गेलेली रजा

चिरंजीवांच्या आईस, लांबूनच पण मनापासून नमस्कार.

पत्ते फुकट, चहा फुकट, सल्लाही फुकट. गेली ती माझी घरची फेरी.

वर्कशॉपमधले लोक पोकरला पैसे नाही, रजा लावतात. हातात प्रत्येकाची दोन पानं, मध्ये पाच उघडी, ती सगळ्यांची. फोरमन म्हणाला, "नवखे आहात, हलकी पानं आली की गुमान टाकून द्या." मी म्हटलं, "माझे कान तिखट आहेत. थापाड्या मला नुसत्या श्वासावरून कळतो."

मध्ये दोन राजे उघडले आणि मी हरखलो. सामाईक नळाला पाणी आलं की सगळ्यांच्याच घागरी भरतात, हे डोक्यातच आलं नाही. समोरच्या फिटरला धाप लागलेली. घाबरला, असं समजून मी सगळी रजा लावली. त्याच्या हातात तिसरा राजा!

"काका, राजे काय तुमच्या एकट्याचे?" सगळे खिदळले. त्या तेलकट पत्त्यांची, त्या खिदळण्याची आणि त्याहून जास्त स्वतःची शिसारी आली.

तब्येत ठणठणीत आहे. धाकटीचा ताप उतरला का? बाबा येणार म्हणून तिला सांगून बसली असशील, तर आता काय सांगायचं ते तूच बघ.

तुझाच,
अहो

ता. क. त्या फिटरला लहानपणापासून दमा आहे.