गोबोचा काढा आणि फुफीची गोळी

अब्बा, तुमच्या बहिणीने मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या होत्या, आणि तेही तुमच्या नावाने. परवा डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहून डोक्याला हात लावला, तेव्हा मला कळलं. पाय सुन्न पडतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, हे फुफीने कुणाला सांगितलंच नव्हतं. गाडीत विचारलं तर म्हणाली, "मी गोबोचा काढा घेतेय. माझ्या भावाचं औषध आहे. तू मला शिकवू नकोस." ती मुळं मीच आणून देत होते, भाजीला हवीत असं समजून.

तुम्हाला माहीत आहे, मला बोलायला निमित्त पुरतं. खलिफा सिटीतल्या मराठी मेळाव्यात मी अजूनही गरजते, की आपल्या आयांच्या स्वयंपाकघरातलं ज्ञान औषधांच्या दुकानापेक्षा हलकं नाही. ते मी आजही मानते. पण त्याच ज्ञानाच्या नावाखाली कुणी हातातली गोळी काढून घेत असेल, तर मी त्याच्याशीही भांडेन. अजमानला घरी पोहोचेपर्यंत मी फुफीला हेच ऐकवत होते, मुद्द्यावर मुद्दा, सभेत टाळ्या पडल्या असत्या असं. ती खिडकीबाहेर बघत होती. मी श्वास घ्यायला थांबले तशी म्हणाली, "झालं? आता एसी वाढव. तुझ्या बोलण्याने गाडी तापली." मागून तुमची नात म्हणाली, "मम्मा, शी इज नॉट इव्हन लिसनिंग."

घरी आल्यावर मी तुमच्यासारखा गोबो घासायला घेतला. दुसरं काय करायचं ते सुचेना. तुम्ही दुबईच्या ज्या जपानी हॉटेलात आचारी होतात, तिथून सुट्टीच्या आदल्या दिवशी तो घेऊन यायचात, हातभर लांब, काळपट, माती लागलेला. इंग्रजीत बरडॉक, तुमच्या भटारखान्यात गोबो. अम्मी विचारायची, "कुंपणाच्या काठ्या कशाला आणल्या?" तुम्ही हसायचात आणि सुरीच्या उलट्या बाजूने ते मूळ हलकेच घासायचात. साल सोलायची नाही, चव सालीलगतच असते. मग पेन्सिलला टोक काढावं तसे त्याचे पातळ काप सिरक्याच्या पाण्यात पडतात, नाहीतर काळे होतात. हॉटेलात तो सोया सॉस आणि तीळ घालून परतायचे. आपल्याकडे अम्मी त्यात सुकट आणि ओलं खोबरं घाली, आणि जपानचं रत्नागिरी होऊन जाई. उरलेल्या चकत्या बाल्कनीतल्या उन्हात सुकायच्या, तव्यावर भाजल्या जायच्या आणि त्यांचा काढा व्हायचा. तुमचे म्हातारे जपानी उस्ताद म्हणत, पोटाला बरा, अंगावर फोड येत असतील तर रक्त साफ करतो. फुफी आपल्याकडे राहायला आली तेव्हा तिच्या मानेवर फोडच फोड होते. मी तेव्हा वाचनालयातून पुस्तक आणून जेवताना सगळ्यांना सांगत होते, की युरोपातले वैद्यही हेच मूळ कातडीच्या रोगांवर देत. तुम्ही घास थांबवून म्हणालात, "बये, मूळ आहे ते, पीर नाही. जेव आधी." किती राग आला होता मला! आज त्या एका वाक्यासाठी तुमचे हात डोळ्यांना लावावेसे वाटतात.

कारण फुफीने सुकवून ठेवलेल्या चकत्यांचा काढा उकळताना मला तुम्ही दिसलात. एका हातात कप, दुसऱ्या तळहातावर फुफीची गोळी. ती कपाकडे हात करते आणि तुम्ही कप मागे घेता. "आधी दवाखान्याची, मग भावाची." ती तोंड वाकडं करते, गोळी गिळते, मगच कप मिळतो. रोज संध्याकाळी.

मी तशीच तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. बोलले नाही. मला ते किती जड गेलं, तुम्हीच समजू शकाल. फुफीने कपाकडे पाहिलं, मग माझ्या तळहाताकडे.

"गोळी पण द्यायचा ना गं तो," ती म्हणाली.

"आधी गोळीच द्यायचे."

"तो गेल्यावर हातावर गोळी ठेवणारं कुणी उरलंच नाही. काढा मला एकटीला करता यायचा, म्हणून तेवढाच धरून ठेवला."

मी तळहात तिच्यापुढे आणखी सरकवला. तिने गोळी घेतली आणि पाण्याचा घोट घेऊन गिळली. मग अर्धा काढा पिऊन कप माझ्याकडे सरकवला. "घे. बापासारखीच हट्टी आहेस. उद्या पण अशीच उभी राहणार का?"

"रोज."

"इन्शाल्ला," ती म्हणाली, आणि पाय वर घेऊन बसली.

अब्बा, हे पत्र कुठे टाकायचं नाही. तरी एक सांगून ठेवते. मला गोबोचा काढा कधीच आवडला नाही, आजही नाही. लहानपणी तुमच्याकडे दुसरा कप मागायचे, कारण तो उकळेपर्यंत तुम्ही माझ्याजवळ बसायचात.