वाचलेलं वर्ष

लिंबायत, सुरत
गुरुवार, १२ डिसेंबर १९९६

आज रिबिनी सोडायच्या राहिल्याच. दिवसा बारावीची शाळा आणि संध्याकाळी कॉलेजात कापड-डिझाइन डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचा वर्ग. रोज रिक्षात बसल्या बसल्या वेण्या सोडते आणि लाल रिबिनी दप्तरात कोंबते. आज मात्र रिक्षात डोळाच लागला. वर्गातल्या मोठ्या मुली हसल्या. हसू देत. अंगात त्राण कुठे होतं?

सर मात्र म्हणाले, "बहु सरस! सगळे पेपर पास झालीस. बारावीनंतर थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला बस. एक वर्ष वाचलं तुझं." आनंद झाला का मला? झाला असावा. पण पहिल्यांदा आठवली ती झोप.

पप्पा नुकतेच लूमवरून आले होते. यंत्रांच्या आवाजाने त्यांचे कान अजून बधिर, म्हणून ओरडून सांगितलं. फार खूश झाले, अगदी मनापासून. म्हणाले, "बरंच झालं की! नंदुरबारच्या पाव्हण्यांले सांगतो, लगीन एक वरीस आधीच उरकू."

म्हणजे मी जागून जागून वाचवलेलं वर्ष लग्नाला गेलं? मग कशाला मरत होते दोन-दोन वर्गांत? आणि डिप्लोमा संपला की लग्न हे ठरलेलंच असताना, हे मला आधी कसं सुचलं नाही?

आई मागे येऊन बसली आणि माझ्या वेण्या सोडायला लागली. दोन्ही रिबिनी तिने मांडीवर नीट गुंडाळल्या आणि कानाशी येऊन म्हणाली, "पप्पांले नापास झाले सांगायचं होतं ना, पोरी."