वाटाण्याच्या वाफ्यातले ससे

२७ एप्रिल

लावले! आईचे वाटाणे अखेर मातीत गेले. बरणी बाबांनीच तळघरातून आणली, झाकणही त्यांनीच उघडलं, मला हात लावू दिला नाही. म्हणे, तुझे हात गार आहेत. गार हातांनी बी रुजत नाही असं कधी ऐकलं नव्हतं. पण आज वाद घालायचा दिवस नव्हता.

एका वाफ्यापुरतेच दाणे होते. आईच्या आजीने स्वीडनहून इकडे येताना आणलेलं बी. दरवर्षी थोडे खायचे, थोडे वाळवून ठेवायचे, असं करत करत आमच्यापर्यंत आलेलं. आई नोव्हेंबरात गेली. आता हे वाफ्यातले गेले की संपलं. म्हणून तर फेब्रुवारीतच बाबांना फोनवर सांगून टाकलं होतं – या वर्षी वाटाणे मी येऊन लावणार, आणि जुलैपर्यंत तिथेच राहणार. बाबांनी नुसतं 'बरं' म्हणून फोन ठेवला. भरून आलं असेल.

चार जुलैच्या सणाला ताटात नवे बटाटे आणि आईचे कोवळे वाटाणे, दुधाच्या पांढऱ्या सॉसमध्ये. एवढंच हवंय मला या उन्हाळ्याकडून.

रात्री जेवताना बाबांनी न चाखताच मीठ घातलं. मी केलेलं होतं, मीठ व्यवस्थित होतं! आईचा हात मिठाला आखडता. त्या स्वयंपाकाची सवय सुटता सुटत नाही.

३ मे

ससे फार झालेत. माझ्या लहानपणी या गल्लीत ससा दिसला की आम्ही पोरं हाका मारत धावायचो. आता संध्याकाळी माझ्या कामावरून, चष्म्यांच्या दुकानातून परतताना प्रत्येक अंगणात दोन-तीन बसलेले असतात, कुणी काढून विसरलेल्या चपलांसारखे. गाडी आली तरी उठत नाहीत. कान तेवढे वळवतात.

शेजारच्या लॅव्हॉनबाईंच्या ट्यूलिपचे नुसते दांडे उरलेत. बाईंना त्याचं काही नाही. सगळ्या सशांना त्या व्हर्जिलच म्हणतात. व्हर्जिल म्हणजे त्यांचे कैलासवासी यजमान. तेही दिसेल ते चघळत बसायचे म्हणे.

९ मे

अंकुर आले. हिरवे, वाकलेले, झोपेतून उठवल्यासारखे. मी चक्क जमिनीवर आडवी होऊन बघत होते.

११ मे

सकाळी एका टोकाचे पाच-सहा अंकुर साफ. कात्रीने कापल्यासारखे तिरके. बाबांनी खाली बसून पाहिलं, उठले, गाडी काढली आणि गेले. तासाभराने परत आले ते सशांना पळवायच्या वस्तूंची पिशवी भरून – उग्र वासाचे साबण, न्हाव्याकडचे कापलेले केस, आणि मान हलवणारं प्लॅस्टिकचं घुबड.

मला वाटलं होतं, मी वाटाण्यांसाठी कासावीस होईन आणि बाबा समजूत घालतील. उलटंच आहे. बाबा इरेला पेटलेत. शेतावर वाढलेला माणूस, लहानपणी ससे मारून रश्शात खाल्लेला. म्हणाले, वस्तीत बंदुकीला बंदी आहे म्हणून, नाहीतर रविवारपर्यंत प्रश्न मिटवला असता.

१३ मे

ससा घुबडाच्या सावलीत बसला होता! आरामात. लॅव्हॉनबाई कुंपणावरून बोलल्या, "आर्विड, घुबड काढू नकोस रे, व्हर्जिलला ऊन लागतं."

बाबा तरातरा घरात गेले. चहाच्या वेळी मात्र स्वतःशीच हसत होते. आई गेल्यापासून हे पहिल्यांदा.

१७ मे

जाळी लागली. कोंबड्यांच्या खुराड्याची बारीक जाळी, कमरेइतकी उंच, खाली वीतभर मातीत पुरलेली. दिवसभर बाबा खणत होते, मी खुंट धरत होते. पाठीचा पार काटा ढिला झाला. गल्लीतले दोघे-तिघे येऊन बघून गेले. एकाने विचारलं, आत कैदी कोण?

संध्याकाळी बाबा कॉफीचा मग घेऊन जाळीसमोर खुर्ची टाकून बसले. बाहेर एक ससा येरझाऱ्या घालत होता. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, परत, परत. "बघ कसा तडफडतोय," बाबा म्हणाले. आम्ही दोघं अगदी खूश.

१८ मे

काय करून बसलो आम्ही!

सकाळी दोन ओळींमध्ये अंथरलेला पेंढा सारखा करायला आत उतरले. पेंढ्याचा एक झुबका हाताने उचलला – खाली लोकरीसारखा केसांचा थर, आणि थर हलला. पिल्लं! चिकटून झोपलेली, डोळे मिटलेले, कान अजून डोक्याला चिकटलेले. कालची येरझाऱ्या घालणारी ती आई होती. आम्ही तिच्या लेकरांभोवती कुंपण घातलं आणि वर कॉफी पीत बसलो.

वन्यप्राण्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिथली बाई शांत होती, रोज दहा जणांना हेच सांगत असावी. ससीण दिवसा पिल्लांजवळ फिरकत नाही, शत्रूला पत्ता लागू नये म्हणून. पहाटे आणि तिन्हीसांजेला येते, दूध पाजते, जाते. घरटं हलवायचं नाही, हलवलं तर तिला सापडत नाही. वाट मोकळी करायची. आणि ती आली का ते कळावं म्हणून घरट्यावर लोकरीचे दोन धागे फुलीसारखे ठेवायचे. सकाळी फुली मोडलेली दिसली तर आई येऊन गेली.

वाट मोकळी करायची म्हणजे सगळ्याच सशांना.

बाबांना कसं सांगायचं याची तालीम करत घरात गेले. सांगितलं. ते पक्कड घेऊन बाहेर गेले आणि जाळीला खाली हातभर भोक पाडलं. एका शब्दाने कुरकुर नाही.

मीच म्हटलं, "बाबा, आणि वाटाणे?"

"वाटाणे काय, परत लावता येतात."

"परत कुठले लावणार? बरणी रिकामी आहे!"

त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग कॉफी उरली आहे का, विचारलं. मी गाडीत जाऊन बसले आणि थोडी रडले. मग ग्राहकांना चष्मे विकले.

संध्याकाळी बाबांनी आईच्या विणकामाच्या टोपलीतून लाल लोकर आणली. आई त्यांच्यासाठी विणत असलेल्या, अर्ध्याच राहिलेल्या मोज्याची. दोन धागे तोडून स्वतः फुली घातली. त्या जाड बोटांनी, इतकी हलकी.

१९ मे

फुली मोडलेली! एक धागा तर पार आत ओढला गेला होता. पिल्लांची पोटं टम्म. मी खिडकीतून ओरडले तर बाबा दाढीचा फेस तसाच घेऊन धावत आले. दोघं वाफ्याजवळ उभे राहिलो, चर्चबाहेर बारशाला उभं राहावं तसे.

वाटाण्यांची एक ओळ गेली.

२२ मे

दुसरीही गेली. दोन-दोन बोटं बुंधे उरलेत.

गंमत अशी की मला वाटलं होतं तेवढं दुःख होत नाही. रोज सकाळी आधी फुली बघायला धावते. लॅव्हॉनबाई झगा घालूनच येतात. म्हणतात, काल तिने पाजलं तेव्हा मी वरच्या खिडकीतून पाहिलं, जेमतेम पाच मिनिटं! माझी सून यापेक्षा जास्त थांबते.

मला आई आठवली. नर्सची नोकरी, उलट्यासुलट्या पाळ्या. सकाळी उठले की ती गेलेली असायची, पण उशाशी घडी केलेले मोजे असायचे. मी तेव्हा रुसायचे. माझ्या मोज्यांची घडी म्हणजे हीच मोडलेली फुली होती की.

१ जून

डोळे उघडून, कान उभारून एक पिल्लू घरट्याबाहेर! मुठीएवढं. घुबडाकडे बघत होतं.

४ जून

घरटं रिकामं. लाल धागे तेवढे मातीत. बाबांनी ते उचलून खिशात घातले आणि लगेच जाळीचं भोक बुजवलं. म्हणाले, पाहुणचार संपला.

९ जून

बुंध्यांना फूट आलीय! प्रत्येक खोडाला खालून दोन-दोन नवे कोंब. खुडल्यावर वाटाणा फुटतो, लॅव्हॉनबाई म्हणाल्या, व्हर्जिलने तुमची छाटणी करून दिली, मजुरी द्या.

आईचं बी वाचलं. बाबांच्या गळ्यातच पडले. ते अवघडल्यासारखे माझी पाठ थोपटत राहिले.

२१ जून

पहिलं फूल. पांढरं. पण आईच्या वाटाण्यांना जांभळी फुलं यायची, मला पक्कं आठवतंय. बाबांना विचारलं तर पेपरमधून मान न काढता म्हणाले, "लहानपणी सगळंच जांभळं दिसतं."

असेल. चष्मे विकणाऱ्या बाईने डोळ्यांवर किती विश्वास ठेवावा!

३० जून

शेंगा धरल्या. बाहेर तीन छोटे ससे जाळीला नाक लावून बसतात. आमच्याकडेच जन्मलेले असावेत. घरचे असल्यासारखे बघतात.

४ जुलै

वाटीभर निघाले. बटाटे, सॉस, सगळं झालं. मी म्हटलं, उरलेल्या शेंगा वेलीवरच वाळवू, बियाण्याला. बाबांनी चमचा खाली ठेवला.

"हे तिचे नाहीत. दुकानातले आहेत. तिचे मी फेब्रुवारीत खाल्ले."

"चुकून?"

"नाही. तिच्या वाढदिवसाला. तिच्या पद्धतीने सूप केलं. तिच्या हातचं घरात तेवढंच उरलं होतं." मग, "दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. लावायला येते म्हणालीस. तुला काय सांगू?"

म्हणजे साबण, केस, घुबड, कमरेइतकी जाळी – सगळं दुकानातल्या वाटाण्यांसाठी. माझ्यासाठी.

बराच वेळ आम्ही खात राहिलो. गोड होते वाटाणे. शेवटी विचारलं, सूप कसं झालं होतं?

"मीठ कमी होतं," बाबा म्हणाले. "वरून घातलं नाही."