दारात वळू असताना

नाना, आपल्या गायीला गोऱ्हा झाला. परवा सकाळी, चहाच्या वेळेला. आपल्या म्हणते, कारण ती तुमच्याच गायीची पणती आहे, तुम्ही मला दिलेल्या त्या कालवडीची नात. इकडे देवळालीच्या आसपासच्या वस्त्यांवर मी इतकी वर्षं गायी भरवत, कांडीनं गाभण करत फिरते, आणि हिच्या हातानं कालवडच होते असं माझं नाव झालंय. आता माझ्याच गोठ्यात गोऱ्हा म्हटल्यावर लोकांना कोण आनंद! शेजारीण आली ती तोंडाला पदर लावून, जशी काही मयताला आली. दिव्याखालीच अंधार का गं, म्हणाली. मी आपलं हसून घेतलं. मुलगा मात्र हसला नाही. गोठा आता तोच बघतो, आणि परवा त्याचं म्हणणं सरळ होतं: दूध पिणार, चारा खाणार, देणार काहीच नाही, तेव्हा येत्या आठवड्यात गोऱ्हा पांजरपोळात नेऊन सोडायचा. मला तो दारात हवाय. सुनेपुढं बोलायची सोय नाही, ती नवऱ्याच्या बाजूनं. तुमचे जावई दोघांच्या मधे बसून चहा पितात. म्हणून तुमच्याशी बोलायला बसले.

तुम्हाला आधी थोडं सांगायला हवं, कारण तुम्ही गेल्यावर जग फार पुढं गेलं. तुमच्या वेळेला कांडी म्हणजे कांडी, आत वळूचं बीज, पुढं गोऱ्हा होतो का कालवड ते देवाच्या हातात. आता कालवडीची कांडी निघाली आहे. गोऱ्ह्याचं बीज यंत्रावर आधीच वेगळं काढतात, आणि ती कांडी भरली की बहुतेक कालवडच होते. शेतकऱ्याला दुसरी कांडी दाखवली तर तो हातसुद्धा लावू देत नाही. का देईल? नांगरायला ट्रॅक्टर आहे. गोऱ्हा विकता येत नाही, पोसणं परवडत नाही, मग अंधार पडला की कोणीतरी त्याला गुपचूप रस्त्यावर सोडून येतं आणि ते पोर लोकांच्या गाड्यांपुढं हंबरत उभं राहतं. ते बघवत नव्हतं, नाना. कालवडीची कांडी आली तेव्हा मला खरोखर बरं वाटलं होतं. मुलाला आता त्याच्याही पुढं जायचंय. चांगल्या गायीचा गर्भ बाहेर प्रयोगशाळेत तयार करतात आणि साध्या गायीच्या पोटात ठेवतात, ती फक्त वाढवते आणि विते. तो मला हे समजावून सांगत होता तेव्हा मला तुमचाच आवाज ऐकू आला. तुम्ही म्हणाला असता, म्हंजी भाड्यानं खोली दिली म्हना की.

आपला वळू मला आत्तासुद्धा दिसतो. शेवगावकडचं ते ऊन, आणि त्यात त्याचा पांढरा रंग डोळ्यांना टोचतोय. वशिंड एका बाजूला कललेलं. बाभळीखाली त्याचा वेगळा खुंटा, तिथं दुसरं जनावर बांधायचं नाही. शेजारच्या गावांतून लोक माजावर आलेली गाय घेऊन येतायत, आणि प्रत्येकाच्या पिशवीत भिजवलेले हरभरे आहेत. वळूचे पैसे घ्यायचे नाहीत हा आपल्या घरचा नेम, पण वळूच्या दारात मोकळ्या हातानं यायचं नाही हा गावाचा नेम. आई वळूला कुंकू लावते, गायीला लावते, आणि मग आम्हा पोरींना घरात पिटाळते. आत बसून आम्हाला सगळं कळत असतं, आणि काही कळत नाही असं आम्ही दाखवत असतो. तुम्ही पाटीतले हरभरे वळूपुढं ठेवता आणि तो खाऊन होईपर्यंत तिथंच उभे राहता, पाहुण्याच्या पंगतीला उभं राहावं तसे. पोळ्याला वेशीतून सगळ्यांत आधी आपला वळू जायचा. त्या दिवशी तुमच्याशी बोलायची सोय नसायची, एवढी तुमची मान ताठ असायची.

लग्न होऊन मी इकडं उसाच्या मुलखात आले. मालक नागापूरला कारखान्यात, घरी रात्रीच यायचे, आणि गोठा माझ्या आणि सासूबाईंच्या अंगावर. गाय माजावर यायची, डॉक्टरला निरोप जायचा, डॉक्टर येईपर्यंत माज उतरून जायचा. असं किती वेळा झालं! मग कृत्रिम रेतनाचं शिक्षण मिळतंय असं कळलं तेव्हा मी म्हटलं, मीच शिकते. सासूबाई म्हणाल्या, बाईमाणसानं गायीत हात घालायचा आणि तोही लोकांच्या गोठ्यात जाऊन? मालक हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, मी ते हो धरलं. शिकून आले, कांड्या गोठवून ठेवायचा नायट्रोजनचा डबा आणला, आणि डबा कोपऱ्यात पडून राहिला. कुणी बोलवेना. एखादा दारापर्यंत यायचा, घरात पुरुषमाणूस नाही का म्हणून विचारायचा, आणि जायचा. मी नुसती रडकुंडीला आले होते. सासूबाई काही बोलायच्या नाहीत, पण डब्यावरची धूळ मात्र मला दिसेल अशीच पुसायच्या.

तेव्हा तुमचा फोन आला. गाय माजावर हाय, डबा घेऊन ये. एवढंच. मी एसटीत डबा मांडीशी धरून बसले. कंडक्टरनं विचारलं, दूध आहे का बाई? मी म्हटलं, दूधच आहे, पुढच्या सालचं. पण आपल्या दारात आले तर काय! अंगणात सगळी आळी जमलेली. बाभळीखाली वळू उभा, गायीचा वास लागलेला, दावं ताणून डुरकतोय. आणि तुम्ही गाय त्याच्याकडं न नेता लाकडी खोड्यात आणून अडकवून उभी केलेली. धाकटे चुलते सगळ्यांदेखत म्हणाले की दारात वळू असताना गाय पोरीकडून भरवायची म्हणजे घरात ताट वाढलेलं असताना खानावळीत जाण्यातला प्रकार आहे. लोक हसले. तुम्ही हसला नाहीत, चिडलाही नाहीत.

"वळू बी माझाच, पोरगी बी माझीच," तुम्ही म्हणालात. "आज पोरीचं काम बघू."

मी कांडी काढायला वाकले ती तोंडावर पदर ओढूनच. एवढ्या बाप्यांपुढं, माहेरच्या आळीत, दुसरं काय करणार? आणि तुम्ही मला फटकारलंत. "पदर खोच आधी. चोरी करायला आलीस व्हय?" आयुष्यात तुम्ही मला फार थोड्या वेळा रागावलात, त्यातलं हे एक. मी पदर खोचला. आज माझ्या हाताखाली लोकांच्या घरच्या दोन सुना शिकतायत, एक वांबोरीकडची, एक इथलीच. हात धुणं, नखं कापणं हे सगळं मी नंतर शिकवते. पहिलं वाक्य तुमचंच सांगते, आणि कुणाचं आहे तेही सांगते.

काम झाल्यावर आई कुंकवाचं ताट घेऊन आली आणि थांबली. गायीला लावलं, पण पुढं कुणाला लावायचं? तुम्ही डब्याकडं बोट दाखवलंत. आईनं त्या पत्र्याच्या डब्याला हळदकुंकू वाहिलं, आणि मग जरा विचार करून मलाही लावलं. तुम्ही हरभऱ्याची पाटी उचललीत. मला वाटलं वळूकडं चाललात. तुम्ही सगळे हरभरे माझ्या ओटीत ओतलेत. काम करंल त्याचा खुराक, म्हणालात. पाण्यानं माझं लुगडं ओलं झालं, आणि मी तिथंच ओट्यावर बसून ते खाल्ले, रडत रडत खाल्ले. एक ओंजळ मात्र वळूला नेऊन दिली. त्यानं घेतली. तो आपला होता, आळीतल्या माणसांपेक्षा मोठ्या मनाचा.

आणि गाय उलटली. परत माजावर आली. आळीला दिवाळीच झाली म्हणा. मी घरी तोंड लपवून बसले असताना तुमचा परत फोन. मी म्हटलं, नाना, आता राहू द्या, वळूकडं न्या. तुम्ही फोनवर जे म्हणालात त्यावर मी पुढची सगळी वर्षं काढली आहेत.

"वळूकडनं बी उलटत्यात गाई. त्याला कोन नावं ठेवतं?"

दुसऱ्या खेपेला गाय गाभण राहिली. कालवड झाली. ती दूध सुटून चाऱ्याला लागली तेव्हा तुम्ही टेम्पोत घालून स्वतः इकडं आलात. आंदण म्हणून लग्नात गाय द्यायची राहिली हुती, असं सासूबाईंना सांगितलंत, आणि पुढं म्हणालात की ही तुमच्या सुनंच्या हातची हाय. सासूबाईंनी कालवडीच्या पायांवर पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी, परवा पदर लावून आली त्याच शेजारणीला म्हणाल्या, तुझी गाय माजावर दिसती, आमच्या सुनेला हाक मार की. माझं काम तिथून सुरू झालं. घरावर वरचा मजला चढला, मुलगा शिकला, या सगळ्याची सुरुवात त्या टेम्पोपाशी आहे.

पण तुमच्या वळूचं काम माझ्या हातानं संपलं, हेही खरंच. मी माहेरी यायचे तेव्हा गावातल्या बायका आपणहून मला बोलवायच्या, मग गावातच एक शिकलेला मुलगा डबा घेऊन फिरायला लागला, आणि बाभळीखाली कुणी येईना. तुम्हाला वाईट वाटतं का, असं मी एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, त्याला पेन्शन बसली. म्हातारा होऊन मरेपर्यंत तुम्ही त्याला रोज हरभरे भिजवलेत. गेला तेव्हा शेताच्या कडेला पुरलात, वर मीठ घातलंत, आणि आईनं सांगितलं की त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. मला मात्र तुम्ही फोनवर एवढंच विचारलंत की गाई किती गाभण हायत. असा बाप कुणाला मिळतो? माझ्यापायी तुमच्या अंगणातली गर्दी गेली, आणि त्याचा उच्चारसुद्धा तुम्ही कधी केला नाहीत.

गेल्या पोळ्याची गंमत ऐका. गावात मानाला उभा करायला बैलच नाही. जी एक जोडी होती ती तिच्या धन्यानं आदल्या महिन्यात विकून टाकलेली. ट्रॅक्टर धुऊन, हार घालून रांगेत लावले, पण पुढं कोण? शेवटी तरण्या पोरांनी एक धिप्पाड विलायती होस्टन गाय आणली, पाठीवर झूल टाकली, आणि शिंगं रंगवायला गेले तर शिंगंच नाहीत. लहानपणीच डागून टाकलेली. गाय बिचारी कास सांभाळत वेशीतून गेली, डीजेला बिचकून मधेच शेणली. सगळे हसत होते, मीही हसत होते. शेजारचे म्हातारे आप्पा तेवढे कट्ट्यावर गप्प बसले होते. जाताना मला म्हणाले, पोरी, तुजा हात लई चांगला हाय, पर गाव पार बायकी करून टाकलंस. टोमणा होता, पण लागला. मी मोजदाद केली नाही, पण गावातल्या निम्म्याहून जास्त गायी माझ्याच हातच्या आहेत.

तर परवा हा गोऱ्हा झाला. तांबूस, लोंबत्या कानांचा, कांडीतल्या गीर वळूवर गेलेला. उठला तोच आईच्या कासेला असली धडक दिली की ती एक पाऊल मागं सरली. मुलानं बघितलं, तोंड पाडलं, आणि मला विचारलं, आई, कांडी कालवडीचीच भरली होतीस ना? मी म्हटलं, बाबा रे, कांडी झाली तरी निसर्गापुढं तिचं किती चालणार. एखादी चुकतेच. मग त्यानं पांजरपोळाचं काढलं, आणि मी चुलीकडं निघून गेले.

आज सकाळी आप्पा आले. हातात काठी, आणि दुसऱ्या हातात वाटीभर भिजवलेले हरभरे. मुलगा धारा काढत होता. तो हसून म्हणाला, आप्पा, दोन दिवसांचं वासरू ते, दूध पितंय, हरभरे काय खाणार?

"त्याला खाऊ दे न्हाईतर नको," आप्पा म्हणाले. "वळूच्या दारात मोकळ्या हातानं येत न्हाईत."

हा नेम इकडंही होता, नाना! इतकी वर्षं या गावात काढली आणि मला माहीत नव्हतं, कारण मी आल्यावर तो दिसायचं कारणच उरलं नव्हतं. दुपारपर्यंत आणखी चारदोन म्हातारी माणसं येऊन गेली. एकीनं वासराला कुंकू लावलं. आमच्या गोठ्यात इतक्या कालवडी झाल्या, त्या बघायला कधी कुणी उठून आलं नाही. संध्याकाळी मी पाहिलं तर गोऱ्ह्याचं दावं मुलानं ओल्यातून सोडून भिंतीकडच्या कोरड्या जागेत बांधलं होतं, खाली पाचट अंथरलं होतं. मला बघून म्हणाला, पोळ्यापर्यंत राहू दे, पुढचं पुढं. पोळा दोनेक महिन्यांवर आलाय. एकदा वेशीतून नेला की कोण सोडतंय त्याला. मुलगाही तुमचाच नातू आहे, मान ताठ कशी होते ते त्यालाही कळू दे.

हे पत्र कुणाच्या हाती लागता कामा नये, म्हणून उद्या पहाटे बंबात घालीन, गायीला शेकायला पाणी तापेल त्यावर. कारण तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. कांडी चुकली नव्हती. गेल्या पोळ्यानंतर गाय माजावर आली तेव्हा कालवडीची कांडी मी हातात घेतली, परत डब्यात सोडली, आणि साधी काढली. म्हटलं, एका गायीपुरतं तरी देवाला बोलायला जागा ठेवू. आणि नाना, रागावू नका, त्या दिवशी मी पदर खोचला नव्हता. तोंडावर घेतला होता. मुलगा समोर गायीची वेसण धरून उभा होता आणि मला हसू आवरत नव्हतं.